खंडेनवमीला यंत्र आपोआप चालले

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. बडोद्याला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. तिथे आम्ही पंपांचे कंट्रोल पॅनल बनवतो. पॅनल म्हणजे पंप चालू-बंद करणारे आणि त्यावर लक्ष ठेवणारे लोखंडी कपाट. वडील इथल्याच एका कंपनीत फोरमन होते, त्यामुळे यंत्रांचे वेड घरातूनच आले. इतक्या वर्षांच्या कामात आ वासून बघत राहावे असे प्रसंग माझ्यावर मोजकेच आले आणि त्यातले बहुतेक चीनने आणले.

पहिला प्रसंग तिकडे गेले तेव्हाचा. पॅनलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांना भोके पाडून त्या वाकवणारे यंत्र मला घ्यायचे होते. तोवर हे काम आमचे मिस्त्रीकाका ड्रिलवर आणि हाताच्या प्रेसवर करायचे. ते वडिलांच्या वेळचे कारागीर आहेत आणि मला अजून 'बेन' म्हणतात. एका पॅनलच्या पट्ट्यांना त्यांचा अख्खा दिवस जाई. तिकडे समुद्राकाठच्या एका शहरात मला एका बाजारात नेले. बाजार म्हणजे एक इमारत, आणि तिचा पहिला मजला नुसत्या बटणांचा. दुसऱ्यावर फक्त इंडिकेटरचे दिवे, तिसऱ्यावर वायर जोडायचे टर्मिनल. मकरपुऱ्यात एखादे टर्मिनल मिळाले नाही तर मी चार दुकाने पालथी घालते, आणि इथे त्याचेच दोनशे प्रकार टोपल्यांत ओतून ठेवलेले. चौथ्या मजल्यापर्यंत माझे पाय दुखायला लागले होते आणि तोंड बंद झाले होते. हिला गप्प करायला एवढा मोठा देश लागला, असे माझा नवरा पुढे बरेच दिवस नातेवाइकांना सांगत होता.

यंत्राच्या कारखान्यात एक कामगार प्रत्येक बोल्ट घट्ट करून त्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढत होता. पुढे बोल्ट जरा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. मी दुभाष्यामार्फत विचारले, हे नंतर कुणी बघते का. तो म्हणाला, कधीतरी कुणीतरी बघेल. मला राग आला. तो त्याच्यावर नव्हता, आमच्यावर होता. चलता है म्हणत सोडून दिलेले माझ्याकडचे सगळे बोल्ट मला एकदम आठवले. परतीच्या विमानात मी झोपू शकले नाही, इतकी मी भारावले होते आणि इतका मला हेवा वाटत होता.

यंत्र आले तेव्हा त्याच्या पाठीला साबणाच्या वडीएवढी एक पेटी होती आणि तिला छोटासा अँटेना होता. पेटीत सिमकार्ड घातले की तिकडचा इंजिनीअर तिथे बसून इथले यंत्र तपासू शकतो, असे पुस्तकात लिहिले होते. मी माझी कागदपत्रे देऊन माझ्या नावाचे सिम आणले आणि माझ्याच हाताने पेटीत घातले.

पलीकडे इंजिनीअर म्हणून एक तरुण मुलगी होती. ती तिच्या भाषेत लिही आणि मोबाइलमधले भाषांतर करणारे ॲप ते मराठीत करून देई. ती मला 'आदरणीय मोठी ताई' म्हणायची. कारखान्यात मला दबक्या आवाजात काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, त्यामुळे हे फार गोड लागे. एकदा यंत्र कुरकुरायला लागले. तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितला आणि दोन मिनिटांत लिहिले, डावीकडचे मागचे बेअरिंग कोरडे आहे. मिस्त्रीकाकांना हे पटले नाही. हजारो किलोमीटरवरून हिला काय कळणार, असे पुटपुटत त्यांनी झाकण उघडले. बेअरिंग कोरडे ठाक होते. ग्रीस लावून हात पुसत ते म्हणाले, "बेन, आ छोकरी तो डॉक्टर छे."

ज्या वर्षी चीनच्या सीमेवर आपले जवान गेले, त्या वर्षी सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चिनी मालावर बहिष्काराचे संदेश धो धो आले. जवानांसाठी मीही रडले होते. पण ते संदेश ज्या फोनवरून येत होते, ते फोन कुठले होते, हे मी ग्रुपवर विचारले आणि चार लोकांशी वैर घेतले. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा नाकारायच्या आणि मोटारीतले, पंपातले, मोबाइलच्या टॉवरमधले सुटे भाग मुकाट घ्यायचे, हा मला भंपकपणा वाटायचा. त्यांच्यासारखे काम आधी करून दाखवा, मग बहिष्कार घाला, असे माझे म्हणणे होते. त्यात खोटे काही नव्हते. एवढेच की माझा विचार तिथेच थांबत होता.

पुढे काही वर्षांनी मला मही नदीच्या काठच्या एका शहराच्या पाणी योजनेचे काम मिळाले. अकरा पंप, अकरा पॅनल. आमच्यासाठी ते फार मोठे काम होते, तीस माणसांचे सहा महिने त्यात जाणार होते. तिथल्या इंजिनीअर साहेबांना ऑफिसात बसून मोबाइलवर पंप दिसायला हवे होते आणि चालू-बंद करता यायला हवे होते. त्यासाठी प्रत्येक पॅनलमध्ये आम्ही त्याच चिनी कंपनीची तशीच पेटी बसवली, जरा मोठी. दुसरी कुठलीही पेटी इतकी विनातक्रार चालत नव्हती. माल देताना मला एका कागदावर सही करायची होती. या पॅनलचा ताबा बाहेरच्या कुणालाही घेता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. असल्या कागदांवर मी आयुष्यभर सह्या करत आले होते, त्यामुळे त्यावर फार विचार केला नाही.

पॅनल जवळजवळ तयार झाले आणि खंडेनवमी आली. आमचे गुजराती शेजारी दसऱ्याला यंत्रे पूजतात, आम्ही आदल्या दिवशी. त्या दिवशी हत्याराकडून काम घ्यायचे नाही, त्याला हळदकुंकू लावून विश्रांती द्यायची. पण आमच्या कारखान्यात वडिलांनी घालून दिलेली एक जास्तीची रीत आहे. पूजेच्या वेळी यंत्राची वीज चालू ठेवायची आणि दिवे, पडदे सगळे उजळलेले हवेत. झोपलेल्या देवाला नैवेद्य कोण दाखवतो, असे ते म्हणत. चिनी यंत्राच्या बाबतीत यात एक अडचण होती. त्याचे पुढचे दार उघडले की लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि यंत्र हलायचे थांबते. कुंकू तर आतल्या पंचलाच लावायला हवे, कारण भोक तोच पाडतो. आरतीत भोंगा नको म्हणून मी पहिल्याच वर्षी त्या दाराच्या स्विचला तारेचा तुकडा जोडून दिला होता. त्यामुळे दार उघडे असले तरी यंत्राला ते बंदच वाटायचे. पूजा झाली की तार काढायची. आमच्या या हुशारीचे मला कौतुकच होते.

त्या वर्षी आदल्याच दिवशी मी तिकडच्या मुलीला कळवले होते, की भोके अर्धा मिलिमीटर सरकून पडताहेत. तपासायला लावलेली तांब्याची पट्टी तशीच यंत्रात अडकवलेली होती. सकाळी सगळे जमले, नवराही आला होता. मी ताट धरून उभी होते. मिस्त्रीकाकांनी वाकून पंचला कुंकवाचे बोट लावले, पट्टीवर झेंडूचे फूल ठेवले आणि अक्षता घ्यायला हात माझ्या ताटाकडे आणला.

तेवढ्यात आतून बारीक घूं असा आवाज आला. पट्टी धरणारे टेबल सरकत मागे गेले, थांबले, पुढे आले आणि बरोबर पंचखाली येऊन उभे राहिले. पंच खाली आला. खट. टेबल दोन बोटे सरकले. खट. पुन्हा सरकले. खट. मग सगळे जिथल्या तिथे परत गेले आणि यंत्र गप्प झाले.

पडद्याजवळ कुणी नव्हते, बटणाला कुणाचा हात लागला नव्हता. मागे उभ्या असलेल्या दोघांनी हात जोडले आणि एकाने तर खाली डोके टेकले. खरे सांगते, त्या क्षणी माझेही हात जुळले असते, फक्त त्यात ताट होते. मिस्त्रीकाका म्हणाले, "बेन, में हाथ नथी लगाड्यो." मग त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरून एकेक बोट हलवून पाहिले. अक्षता घ्यायला ते क्षणभर उशिरा वळले असते, तर त्या हाताचे काय झाले असते ते मला दिसले. नवऱ्याने ताट माझ्या हातातून काढून घेतले.

मोबाइल वाजला. तिचा संदेश होता. "आदरणीय मोठी ताई, आमच्याकडे सुट्टीचा आठवडा आहे, पण तुमचे काम अडू नये म्हणून मी आज बसले. यंत्र चालू आणि दार बंद दिसले, म्हणून दुरुस्ती करून तीन भोके पाडली. कृपया मोजून पाहा."

मी वीज बंद केली, पट्टी काढली, फुलाचा चुरा झटकला आणि मोजले. फरक गेला होता. तिन्ही भोके केसभरसुद्धा इकडेतिकडे नव्हती. कुंकू लागलेली ती पट्टी हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते. आयुष्यात इतके सुंदर काम मी पाहिले नव्हते आणि इतकी घाबरलेही नव्हते. दोन्ही एकाच वेळी वाटत होते.

घडले ते तिला कळवले तेव्हा ती हादरली. तिने भलीमोठी माफी मागितली, काकांचा हात बरा आहे ना असे तीनदा विचारले. तिची काही चूक नव्हती. दाराला तार मी लावली होती आणि पेटीत सिम मी घातले होते. एरवी असे काही झाले की मी कुणावर तरी ओरडते. त्या दिवशी ओरडायला समोर मीच होते.

दुपारी सगळे गेल्यावर माझे लक्ष भिंतीकडे गेले. अकरा पॅनल ओळीने उभे होते, प्रत्येकाला हार घातलेला, आणि प्रत्येकाच्या आत तशीच पेटी.

दसरा झाल्यावर मी तिला सरळ विचारले, माझ्या पॅनलमध्येही तुला शिरता येते का? ती नेहमी पटकन उत्तर देते, या वेळी अर्धा तास गेला. मग लिहिले, "येते. दुरुस्तीसाठी मला तसा अधिकार आहे." मी एक पॅनल चालू केला, पंपाच्या जागी साधा बल्ब जोडला आणि तिला सांगितले, हा बंद कर. मिस्त्रीकाका आणि मी बल्बकडे बघत उभे राहिलो. चार सेकंद झाले असतील. पॅनलच्या आत खट झाले आणि बल्ब विझला. मी म्हटले, लाव. लागला. काका दोन पावले मागे सरकले.

माझी भीती घालवावी म्हणून तिने तिच्यासमोरच्या पडद्याचा फोटो पाठवला. आमची सेवा किती विश्वासार्ह आहे ते बघा, असे त्यासोबत लिहिले होते. त्यावर आपल्या गुजरातचा नकाशा होता. त्यांची पेटी जिथे जिथे चालू होती, तिथे हिरवा ठिपका. मी फोटो मोठा करून पाहिला. मकरपुऱ्यात ठिपक्यांची दाटी होती, बाजव्याकडे होती, नर्मदेच्या आणि महीच्या काठाने रांगच्या रांग गेली होती. मी इथे जन्मले, वाढले, गल्लीन् गल्ली मला पाठ आहे, पण माझा मुलूख असा एका नजरेत मी कधी पाहिला नव्हता. तो मला दाखवला तिने, तिच्या खुर्चीवरून. त्या फोटोकडे मी देवळातल्यासारखी बघत राहिले, आणि मग ध्यानात आले. हे सगळे ठिपके आम्हीच लावले होते, हौसेने, आपापल्या नावाची सिम घालून.

मी विचारले, तू कधी कशाला धक्का लावणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण दुसरे कुणी? तिने लिहिले, "मी आहे तोवर काळजी करू नका. माझ्या खुर्चीवर उद्या कोण बसेल आणि त्याला काय सांगितले जाईल, ते मला माहीत नाही." खोटे बोलून ती मोकळी होऊ शकली असती. ती खोटे बोलली नाही, आणि माझ्या मनातला तिचा मान आणखी वाढला.

आता प्रश्न सहीचा होता. सही केली तर सहा महिन्यांच्या कामाचे पैसे पदरात पडत होते, आणि एका शहराचे पाणी कुणाच्या तरी हातात राहत होते. मी देशी पेटी शोधली. वरती 'भारतात बनवलेली' असा ठसठशीत शिक्का होता. झाकण उघडून पाहिले, तर आतली सर्किटची प्लेट तिकडचीच, अक्षरेही तिकडची. घरी मी चार दिवस सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, सही कर किंवा नको करूस, पण आमटीवर राग काढू नकोस." रागात मी आमटीत दोनदा मीठ घातले होते.

मी एक पॅनल टेम्पोत घातला आणि त्या शहरातल्या इंजिनीअर साहेबांकडे घेऊन गेले. भला माणूस होता, केस पांढरे झालेला, कामाने थकलेला. त्यांच्यासमोर बल्ब जोडला आणि तिला संदेश केला. बल्ब विझला. ते उठून पॅनलजवळ आले, मागे वाकून पाहिले, पुन्हा बल्बकडे पाहिले. "कोण करे छे आ?" त्यांनी विचारले. मी सांगितले. ते खिडकीशी गेले आणि बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघू लागले.

मी म्हटले, मला सहा महिने द्या. पेट्या काढून टाकते आणि पंपापासून तुमच्या ऑफिसापर्यंत आपली स्वतःची तार टाकून देते. मोबाइलवर दिसणार नाही, ऑफिसात दिसेल, आणि बाहेरून कुणी शिरणार नाही.

ते म्हणाले, "बेन, सहा महिने माझ्याकडे नाहीत. मोबाइलवर दिसलं पाहिजे असं वरून लिहून आलेलं आहे." मग खुर्चीत बसत ते म्हणाले, "तमे आ मने न बताव्युं होत तो सारू हतुं."

म्हणजे, तुम्ही मला हे दाखवले नसते तर बरे झाले असते. मी सही केली नाही. काम दुसऱ्या कुणाकडे गेले. परतताना टेम्पोत मिस्त्रीकाका शेजारी बसले होते. त्यांनी एवढेच विचारले की माणसांना काय सांगायचे. मी म्हटले, खरे ते सांगू. सांगितले. चौघे सोडून गेले, बाकीचे राहिले. पॅनलमधल्या पेट्या मी काढून ठेवल्या आणि यंत्राच्या पाठीमागचे सिम काढले. यंत्र बिघडले की आता मी तिला फोटो पाठवते, आवाज पाठवते, आणि ती सांगेल तसे मिस्त्रीकाका हाताने करतात. वेळ चौपट लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिचा संदेश आला. "आदरणीय मोठी ताई, अभिनंदन. तुमचे अकराही पंप आज सुरू झालेले मला दिसले. सगळे हिरवे आहेत. माझी आठवण ठेवून तुम्ही आमचीच पेटी घेतलीत, याचा आनंद झाला."

ज्यांना काम मिळाले, त्यांनी तीच पेटी घातली होती, आणि त्या कागदावर कुणीतरी सहीही केली असणार. जागा तीच आणि पंप अकराच, म्हणून तिला ते माझे वाटले. ते माझे नाहीत, असे मी लिहिले आणि पुसले; माझे समजून तरी ती ते जपेल. साहेबांना फोन लावला, त्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी ऐकून घेतले आणि कळवतो म्हणाले. अजून कळवायचे आहेत.

मग मी तिला लिहिले, "त्या शहरात सकाळी साडेसहाला पाणी सुटते. त्या वेळी कशालाही हात लावू नकोस."

लगेच उत्तर आले, "नाही लावणार, मोठी ताई."

आता दर सोमवारी मी तिला यंत्राबद्दल काहीतरी विचारते. बहुतेक वेळा विचारण्यासारखे काही नसते. तिच्या जागी अजून तीच आहे ना, एवढेच मला बघायचे असते.